टायमिंग कानाने लावायचं की डोळ्याने?



नववीच्या विज्ञानात ‘ध्वनीचा अभ्यास’ हा धडा आहे. माणसाला २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारतेचे आवाज ऐकू येतात, हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी पाठ केलंय. मीही वर्षानुवर्षं ते फळ्यावर लिहितेय. पण या वाक्यातला ‘माणूस’ म्हणजे नेमका कोण, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला आमच्या घरच्या जुन्या गाडीमुळे, गेल्या भाऊबीजेला, वाघोबा घाटात. आजचा निबंध त्या गाडीवर आणि माझ्या बाबांवर आहे. थोडा लांब झालाय, पण सावकाश वाचा. यात नववीचा ध्वनी आहे, दहावीची विद्युतधारा आहे आणि थोडं गणितही आहे.

आमची पद्मिनी

आमच्या पालघरच्या घराच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली एक फिकट निळी प्रीमियर पद्मिनी उभी असते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ही गाडी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणूनच पाहिली असेल, तीही जुन्या सिनेमात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. मूळ गाडी इटलीची, फियाट ११००. भारतात १९६४ पासून ती ‘डिलाइट’ नावाने निघाली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली. लोक मात्र शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले. आमचे बाबाही फियाटच म्हणतात. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिथल्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी दिसेनाशी झाली.

बाबांनी आमची गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा मी पाचवीत होते. बाबा तारापूर एमआयडीसीत एका कारखान्यात प्रेस ऑपरेटर होते. पत्र्याची शीट मशीनखाली सरकवायची, वरून दाब बसायचा, भाग कापून बाहेर. दिवसभर धाड, धाड, धाड. पालघरहून बोईसरला ते लोकांसारखेच रेल्वेने जायचे. गाडी फक्त रविवारची. रविवारी सकाळी चहा झाला की बाबा बोनेट उघडायचे आणि आई म्हणायची, “आता जेवायलाच उठतील.”

बोईसरच्या एका मिस्त्रींनी बाबांना गाडीचं सगळं काम शिकवलं होतं. प्लग साफ करणं, सीबी पॉइंट घासणं, कार्बोरेटर धुणं. पण बाबांचा खरा अभिमान एकाच गोष्टीचा: टायमिंग. “अगं, टायमिंग बघायचं नसतं, ऐकायचं असतं,” असं ते मला सांगायचे. आमच्या गल्लीत कुणाची स्कूटर नीट चालेनाशी झाली तरी लोक बाबांना बोलवायचे. बाबा डोळे मिटून उभे राहायचे आणि आवाज ऐकून सांगायचे, काय बिघडलंय ते.

टायमिंग म्हणजे काय?

पेट्रोल इंजिनात पिस्टन वर येताना पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं. मग स्पार्क प्लगवर ठिणगी पडते, मिश्रण जळतं आणि त्या दाबाने पिस्टन खाली ढकलला जातो. आता विचार करा, ठिणगी कधी पडायला हवी? पिस्टन अगदी वर पोचल्यावर, असं वाटतं ना? मलाही तसंच वाटायचं.

पण मिश्रण एका क्षणात जळत नाही. ज्योत प्लगपासून निघून सिलिंडरभर पसरते, त्याला वेळ लागतो. तो वेळ ढोबळमानाने दोन मिलिसेकंद धरू. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० फेरे होतात. म्हणजे एका फेऱ्याला २० मिलिसेकंद. दोन मिलिसेकंदांत इंजिन एका फेऱ्याचा दहावा भाग, म्हणजे ३६ अंश फिरून जातं! ठिणगी वर पोचल्यावर पडली, तर मिश्रण नीट जळेपर्यंत पिस्टन बराच खाली गेलेला असेल आणि जोर वाया जाईल. म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या आधी पाडतात. याला ‘ॲडव्हान्स’ म्हणतात. पिस्टन वरच्या टोकावरून खाली निघाला, की त्यानंतर दहा-पंधरा अंशांत सिलिंडरमधला दाब सगळ्यात जास्त व्हावा, असा हिशोब असतो.

इंजिन उभ्या गाडीत हळू, मिनिटाला ८०० फेऱ्यांनी चालत असेल, तर तेच दोन मिलिसेकंद म्हणजे फक्त साडेनऊ अंश. म्हणजे वेग वाढला की ॲडव्हान्सही वाढायला हवा. जुन्या गाड्यांत हे काम डिस्ट्रिब्युटरच्या आतली दोन छोटी वजनं करतात. वेगाने फिरली की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पाडतात. आजच्या गाड्यांत हे कॉम्प्युटर करतो, म्हणून तुमच्या घरच्या नव्या गाडीचं टायमिंग लावायला कुणी बसत नाही. पण जुन्या गाडीत सुरुवातीचा कोन आपल्यालाच हाताने लावावा लागतो. डिस्ट्रिब्युटरचा नट ढिला करायचा आणि तो किंचित फिरवायचा. आतला रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट फिरवला की ठिणगी लवकर, त्याच दिशेने फिरवला की उशिरा.

बाबांची पद्धत अशी: इंजिन गरम करायचं, नट ढिला करायचा आणि ऐकत ऐकत डिस्ट्रिब्युटर फिरवायचा. ॲडव्हान्स वाढत गेला की आवाज चढतो, मग एका जागी इंजिन अगदी गुळगुळीत लागतं. तिथे थांबायचं आणि किंचित मागे यायचं. मग गाडी चढावर न्यायची, वरच्या गिअरमध्येच ॲक्सिलरेटर दाबायचा आणि कान द्यायचा. किटकिट ऐकू आली तर अजून थोडं मागे. किटकिट थांबली की टायमिंग लागलं.

ही पद्धत चुकीची नाही, कितीतरी मिस्त्री ती वापरायचे. पण तिचा सगळा भार शेवटच्या पायरीवर आहे, म्हणजे ती किटकिट ऐकू येण्यावर. ती ऐकू आली नाही तर मागे कधी यायचं, हे कळणारच नाही.

भाऊबीज

माझी आत्या मनोरला राहते. दर भाऊबीजेला बाबा फियाट घेऊन तिच्याकडे जातात, हा नियम. गेल्या वर्षी मीही दिवाळीला माहेरी होते, म्हणून आई, बाबा आणि मी असे तिघं निघालो. आदल्या रविवारी बाबांनी पॉइंट बदलून टायमिंग लावलं होतं. “बघ आता पिकअप,” असं ते अंगणातून बाहेर पडतानाच म्हणाले. खरंच, सपाट रस्त्यावर गाडी छान पळत होती.

पालघरहून मनोरला जाताना वाघोबाची खिंड लागते. पावसाळ्यात तिथल्या धबधब्यावर तुम्ही गेला असाल. चढ सुरू झाला, बाबांनी गिअर न बदलता ॲक्सिलरेटर दाबला आणि पुढून आवाज यायला लागला. पत्र्याच्या डब्यात गोट्या टाकून हलवाव्यात तसा. बारीक, तीक्ष्ण, सतत.

“बाबा, नॉकिंग होतंय.”

“कुठे?”

“आत्ता. येतंय ना ऐकू?”

बाबांनी मान किंचित तिरकी केली, नेहमी करतात तशी. “काही नाही गं. वारा आहे. काच वर कर.”

मी काच वर केली. आवाज तसाच. मागून आई म्हणाली, “अहो, बांगड्या किणकिणल्यासारखं काहीतरी वाजतंय खरं.”

बाबा काहीच बोलले नाहीत. वाघोबाच्या देवळाशी गाडी थांबवली, हात जोडले, बोनेट उघडून बघितलं. उभ्या गाडीत अर्थातच आवाज नव्हता. पुन्हा निघालो, पुन्हा तोच आवाज. मी आरशातून आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. बाबा समोर रस्त्याकडे बघत शांतपणे गाडी चालवत होते. त्यांना तो आवाज खरंच येत नव्हता. तोंडाने कबूल न करणं वेगळं आणि ऐकूच न येणं वेगळं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. आत्याकडे ओवाळणी झाली, जेवण झालं, बाबा हसले-बोलले. येताना मात्र त्यांनी घाट अगदी सावकाश, खालच्या गिअरमध्ये चढवला.

तो आवाज कसला होता?

ॲडव्हान्स गरजेपेक्षा जास्त झाला की ठिणगी फार लवकर पडते. पिस्टन अजून वर येतोय आणि दाब मात्र आधीच वाढलाय. मग ज्योत पोचायच्या आतच कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आपोआप, एकदम पेट घेतं. त्या धक्क्याने सिलिंडरमधल्या गरम वायूत दाबाच्या लहरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आपटत राहतात. हेच नॉकिंग. ते बरेच दिवस चालू राहिलं तर पिस्टन आणि हेड गॅस्केट खराब होतात.

या लहरींची वारंवारता सिलिंडरच्या व्यासावर ठरते. पद्मिनीच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिमी. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ९०० मीटरच्या वर जातो. हिशोब केला तर वारंवारता साधारण सात-आठ हजार हर्ट्झ येते. म्हणजे तो उंच पट्टीचा, किणकिणणारा आवाज. आईला बांगड्या आठवल्या ते उगीच नाही.

आता दुसरी बाजू. आपल्या आंतरकर्णात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. सतत मोठ्या आवाजात राहिलं की त्या मरतात आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणात आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, साधारण तीन ते सहा हजार हर्ट्झच्या दरम्यानचे, त्यातही चार हजारांच्या आसपासचे. वय वाढलं की त्यावरचेही जातात. बोलण्याचा बराचसा भाग याच्या खालच्या पट्टीत असतो, म्हणून त्या माणसाला वर्षानुवर्षं वाटतं, की आपल्याला सगळं नीट ऐकू येतंय.

मग मला एकेक गोष्ट आठवायला लागली. कुकरची शिट्टी झाली तरी बाबा उठत नाहीत आणि आई चिडते. नातीचा बारीक आवाज त्यांना फोनवर कळत नाही, ते “हो, हो” म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आम्ही म्हणायचो, बाबांचं लक्षच नसतं.

बरेच दिवस मागे लागल्यावर बाबा कानाच्या तपासणीला तयार झाले. छोट्या खोलीत बसवून हेडफोनमधून वेगवेगळ्या वारंवारतेचे आवाज देतात आणि ऐकू आला की बटण दाबायचं असतं. बाहेरच्या काचेतून मी बघत होते. खालच्या पट्टीला बाबा पटापट बटण दाबत होते. मग त्यांचा अंगठा थांबला. मशीनवर आवाज चालू असल्याचं दिसत होतं आणि बाबा बटणावर अंगठा ठेवून वाट बघत होते.

डॉक्टरांनी आलेख दाखवला. चार हजारापाशी रेघ खोल खड्ड्यात गेली होती, आणि त्याच्या पुढे आठ हजारावरही ती फारशी वर आली नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, “काम कुठे करत होता?” बाबांनी सांगितलं. “किती वर्षं?” “अठ्ठावीस.” “कानात काही घालायचात?” बाबा म्हणाले, “कापूस. तोही नंतर नंतर.” अठ्ठावीस वर्षांत त्यांचे कान एकदाही तपासले गेले नव्हते.

घरी येताना ते एवढंच म्हणाले, “गाडी विकून टाकू.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “कानाने लावलेलं टायमिंग चुकलं म्हणजे मग माझा काय उपयोग.” मला काय बोलावं सुचेना. रोज साठ मुलांपुढे बोलणारी मी, त्या दिवशी गप्प बसले.

बल्बची युक्ती

गाडीबरोबर आलेलं मूळचं इंग्रजी पुस्तक घरातच होतं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं. बाबांनी ते कधी फारसं उघडलं नव्हतं. त्यात इंजिन बंद ठेवून, नुसत्या बल्बने टायमिंग लावायची पद्धत होती. मी म्हटलं, “बाबा, मला हे मुलांना शिकवायचंय. विद्युतधारेच्या धड्यात उपयोगी पडेल. तुम्ही मदत कराल?” हे अर्धं खरं होतं. बाबांनाही ते कळलं असणार. पण शिकवायचं म्हटल्यावर ते नाही म्हणत नाहीत.

पुढच्या रविवारी आम्ही बसलो. मी ओढणी आणि बांगड्या काढून ठेवल्या. फिरत्या पट्ट्याजवळ आणि बॅटरीजवळ हे आधी करायचं, लक्षात ठेवा.

आधी पॉइंटमधलं अंतर. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं की आत दोन छोटे संपर्कबिंदू दिसतात, तेच सीबी पॉइंट. कॅम फिरला की ते उघडतात आणि मिटतात. मिटलेले असताना कॉइलमधून धारा वाहते आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. उघडले की धारा तुटते, क्षेत्र एकदम कोसळतं आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होतात. १८३१ साली फॅरेडेने दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. म्हणजे पॉइंट ज्या क्षणी उघडतात, त्याच क्षणी ठिणगी पडते. ते पूर्ण उघडे असताना अंतर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित कमी हवं. फिलर गेजची पट्टी मध्ये घालून ते मोजायचं. अंतर आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम उलटा करायचा नाही. कारण अंतर बदललं की पॉइंट उघडण्याची वेळ बदलते आणि लावलेलं टायमिंग हलतं.

मग चारही प्लग काढले, म्हणजे इंजिन हलकं फिरतं. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून बाबा मागून हळूहळू ढकलत होते. मी पुढच्या, म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा धरून बसले होते. दाबाचा फेरा आला की हवा अंगठा उडवून लावते. पुढे पुलीवर एक खूण असते आणि इंजिनाच्या कव्हरवर दुसरी. दोन्ही जुळल्या की थांबायचं.

“थांबा, जुळली!” मी ओरडले.

बाबा पुढे आले, वाकून डिस्ट्रिब्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाले, “रोटर कुठे बघतोय बघ.”

मी बघितलं. रोटरचं टोक चार नंबरच्या वायरकडे होतं.

“फेरा चुकलाय. हा दाबाचा नाही. अजून एक चक्कर.”

चार स्ट्रोकच्या इंजिनात पुलीची खूण दोनदा जुळते, तेव्हा ठिणगी एकदाच पडते. अंगठ्याखालची हवा मला नीट कळलीच नव्हती. रोटरचं ते टोक एक नंबरचं समजून मी प्लगच्या वायरी लावल्या असत्या तर गाडी सुरूच झाली नसती, कार्बोरेटरमधून भडका मात्र उडाला असता. बाबांनी ते एका नजरेत पकडलं. मला एवढं बरं वाटलं, की मी मुद्दाम चुकले असं त्यांना वाटेल की काय, अशी भीती वाटली. नव्हते चुकले मुद्दाम.

पुन्हा ढकलून खूण आणली. खूण ओलांडून पुढे गेलं तर तेवढंच मागे आणायचं नाही. बरंच मागे जाऊन पुन्हा पुढच्या दिशेनेच यायचं. नाहीतर चेन आणि गिअरमधली ढिलाई फसवते. हेही बाबांनीच सांगितलं.

मग १२ व्होल्टचा छोटा बल्ब. एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या टर्मिनलला, जिथे कॉइलची वायर येते. दुसरी इंजिनाच्या धातूला. किल्ली फिरवली. पॉइंट मिटलेले असतील तर धारा त्यांच्यातून सरळ निघून जाते आणि बल्ब विझलेला राहतो. उघडले की धारेला बल्बमधूनच जावं लागतं आणि तो पेटतो. म्हणजे पॉइंट उघडायचा नेमका क्षण डोळ्याला दिसतो.

किल्ली फिरवताक्षणी बल्ब पेटला. म्हणजे पॉइंट आधीच उघडलेले, ठिणगी खुणेच्या आधीच पडत होती.

किती आधी? ते मोजायचं ठरवलं. गाडी थोडी मागे घेऊन, बल्ब जिथे पेटतो तिथे पुलीवर खडूची खूण केली. आमच्या पुलीचा व्यास १३ सेंमी भरला. परीघ साधारण ४०८ मिमी, भागिले ३६०, म्हणजे एका अंशाला १.१३ मिमी. खडूची खूण आणि मूळ खूण यात ९ मिमी अंतर होतं. म्हणजे टायमिंग आठ अंश जास्त ॲडव्हान्स.

बाबा पट्टीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आठ?” मी मान हलवली. हा आकडा मी किंवा आईने सांगितलेला नव्हता. पट्टी त्यांच्याच हातात होती.

पुढचं काम त्यांनी केलं. खूण पुन्हा जुळवून नट ढिला केला. डिस्ट्रिब्युटर रोटरच्या दिशेने फिरवला, बल्ब विझला. मग उलट दिशेने, अगदी केसभर केसभर. बल्ब मिणमिणला आणि पेटला. हात थांबला. डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे त्याचा एक अंश म्हणजे इंजिनाचे दोन. आठ अंशांची चूक दुरुस्त करायला हात फक्त चार अंश फिरवावा लागला. नट आवळला, पुन्हा तपासलं, कारण आवळतानाही तो सरकतो. मध्ये बोलत बसलो तेव्हा मी किल्ली चालूच ठेवली होती, तर बाबांनी कॉइलला हात लावून मला रागावलं: पॉइंट मिटलेले असताना किल्ली चालू राहिली तर कॉइल तापून जळते.

झाकण लावलं, प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने तपासल्या आणि सेल मारला. गाडी सुरू झाली.

पुन्हा घाट

संध्याकाळी आम्ही दोघंच वाघोबाच्या चढाला गेलो. बाबांनी त्याच जागी, त्याच गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला आणि माझ्याकडे बघितलं.

“येतोय?”

“अगदी बारीक. दोन-तीनदा टिकटिक झाली, मग थांबली.”

“तेवढी चालते,” बाबा म्हणाले. वर पोचल्यावर गाडी बाजूला घेतली. मग म्हणाले, “आता असंच करायचं. बल्ब मी लावणार. ऐकायला तू ये.”

गाडी विकायचा विषय त्यानंतर निघाला नाही. कर्णयंत्राचा विषय मात्र अजून चालू आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, आईने सांगितलंय, मी सांगतेय. बाबा म्हणतात, “बघू.” गेलेलं ऐकणं परत येणार नाही, हे त्यांना कळलंय आणि ते पचवायला त्यांना वेळ लागतोय. मी घाई करत नाही.

मित्रांनो, हे तुम्हाला का सांगितलं?

आपल्या शाळेतल्या कितीतरी मुलांचे आई-बाबा बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत जातात. घरी गेल्यावर त्यांना एक प्रश्न विचारा: “कामावर शेजारच्या माणसाशी बोलताना ओरडावं लागतं का?” हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तिथला आवाज बहुधा ८५ डेसिबलच्या वर आहे. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा अमेरिकेतल्या एका सरकारी आरोग्य संस्थेने सुचवलेली आहे. त्यावर दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. अशा ठिकाणी इअरप्लग किंवा इअरमफ मागणं हे लाड नाहीत. आपल्या देशातल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत ज्या आजारांची सूचना द्यावीच लागायची त्यांची यादी होती, आणि आवाजामुळे येणारं बहिरेपण त्या यादीत होतं. बाबांना हे कुणी सांगितलं नाही. मलाही माहीत नव्हतं, आणि मी विज्ञान शिकवते.

आणि तुमच्या कानातले इअरफोन? त्यांनाही हाच हिशोब लागू आहे.

बाबांचा कान चांगला होता, यात शंका नाही. त्याच कानावर त्यांनी पंचवीस वर्षं गाडी चालवली. पण कान हळूहळू बदलत गेला आणि बदलतोय हे त्या कानालाच कळू शकलं नाही. म्हणून अनुभव कितीही असला तरी अधूनमधून मोजून बघावं, आणि मोजायला बसताना अनुभवी माणसाला शेजारी बसवावं. नाहीतर रोटर चार नंबरकडे बघतोय, हे मला कुणी सांगितलं असतं?

विचार करा आणि वहीत लिहा

१. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर दोन मिलिसेकंदांत ते किती अंश फिरेल?

२. पॉइंटमधलं अंतर बदललं की टायमिंग का बदलतं? आकृती काढून सांगा.

३. पुलीचा व्यास १६ सेंमी असता, तर ९ मिमी म्हणजे किती अंश झाले असते?

४. तुमच्या घरात मोठ्या आवाजात काम करणारं किंवा पूर्वी केलेलं कुणी आहे का? त्यांच्याशी बोला. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, पक्ष्यांचे आवाज त्यांना ऐकू येतात का, हे विचारा. जे कळेल त्यावर दहा ओळी लिहा. आवाज चढवून विचारू नका, शेजारी बसून विचारा.